लिंबाची गोष्ट आणि पहिलं बक्षीस

तिसरीच्या ऑनलाइन स्नेहसंमेलनात कथाकथनाचं पहिलं बक्षीस आमच्या फ्रीजला मिळालं.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. बक्षीसबिक्षीस काही मिळालेलं नाही, स्नेहसंमेलन अजून व्हायचंय आणि फ्रीजने तोंड उघडलेलं नाही. आता नीट पहिल्यापासून सांगतो.

आमच्या घरात एक फ्रीज आहे. बाबा फ्रीज दुरुस्त करतात. त्यामुळे गावातले सगळे फ्रीज ठणठणीत आहेत आणि आमचा मरायला टेकलाय. तो कुण्या गिऱ्हाइकाने "राहू द्या आता तुमच्याकडेच" म्हणून सोडलेला आहे. थंड कमी करतो, घुमतो जास्त. त्याचा आवाज एखाद्या आजारी म्हाताऱ्यासारखा आहे, जो दुसऱ्याचं सगळं ऐकून घेतो आणि वर "हंऽऽ" म्हणतो.

या "हं"मुळेच सगळं झालं.

माझी बहीण तिसरीत. घरात तिला शेंग म्हणतात, कारण ती बारीक आहे आणि आत काय आहे ते सोलल्याशिवाय कळत नाही. शाळा फोनमध्ये शिरली तशी शेंग वर्गात बोलायची बंद झाली. बाईंनी काही विचारलं की ती फोनकडे बघायची, तोंड उघडायची आणि मिटायची. बाईंना वाटायचं हिचा आवाज म्यूट आहे. आवाज चालू होता. शेंगच म्यूट होती.

शेवटी बाईंनी आईला फोन केला. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिने गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देता देता ऐकून घेतलं आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं.

"बाई म्हणतात, कित्येक महिन्यांत हिचा शब्द ऐकला नाही. शाळा सुरू होईपर्यंत पोरगी बोलायचंच विसरेल."

"विसरत नाही," बाबा म्हणाले. "सकाळपासून बडबड चाललीय स्वयंपाकघरात."

"कुणाशी?"

आम्ही तिघं दारात जाऊन उभे राहिलो. शेंग फ्रीजसमोर फतकल मारून बसली होती आणि त्याला दिवसभराचं सांगत होती. फ्रीज म्हणाला, "हंऽऽ." शेंग म्हणाली, "तेच तर. मग पुढे ऐक."

मी जाऊन शेजारी बसलो. "त्याच्याशी बोलतेस, मग वर्गात का नाही गं?"

"वर्गात कुणी हं म्हणत नाही, दादा," ती म्हणाली. "सगळे म्यूट असतात. बोललं की ते कुठे जातं तेच कळत नाही."

मी यावर विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. घराण्यातच असावं.

स्नेहसंमेलनाची सूचना आली तेव्हा शेंगने स्वतःहून कथाकथनात नाव दिलं. गोष्ट तिची स्वतःची होती आणि फ्रीजला पाठ झालेली होती. तिला ती वर्गाला सांगायचीच होती. पण सरावाला फोन समोर धरला की पुन्हा तोंड उघडायचं, मिटायचं. तिसऱ्यांदा असं झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझं नाव काढून टाका." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"नाव नको काढू," मी म्हणालो. "फोन काढू. फ्रीजमध्ये ठेवू."

आईने माझ्याकडे बघितलं. अशा नजरेने ती मुदत संपलेल्या गोळ्यांकडे बघते.

"अंड्यांच्या कप्प्यात," मी म्हणालो. "दार उघडं. शेंग फ्रीजशी बोलेल. वर्ग काय, मधेच बसलेला."

बाबांनी गंभीरपणे विचार केला. "दार उघडं राहिलं तर तो थंड करायला धडपडत राहील. म्हणजे आवाज बंद होणार नाही. चालेल."

आईने फोनला शेंगचा लहानपणचा मोजा घातला, सर्दी नको म्हणून, आणि कॅमेऱ्यापुरतं कात्रीने कापलं. आमच्याकडे वेडेपणाला विरोध होतो, पण एकदा ठरला की नीटनेटका करतात.

फोन बाबांच्या कामाचा. त्यावर नाव होतं "फ्रीज रिपेअर." हजेरीत बाई रोज "फ्रीज रिपेअर कोण?" विचारायच्या आणि शेंग बोलत नसल्यामुळे यादीत तेच नाव पडलं होतं. हे लक्षात ठेवा. किंवा नका ठेवू.

कार्यक्रम सुरू झाला. बाईंनी बजावलं, "सगळ्यांनी म्यूट राहायचं. टाळ्या हात हलवून." एका मुलीने नाच केला, त्यात बराच वेळ नुसते गुडघे दिसले. एकाने जादू दाखवली आणि नेमकी नाणं गायब होताना त्याची रेंज गायब झाली. मग आमचा नंबर.

शेंग दारासमोर बसली. आतला पिवळा दिवा तिच्या तोंडावर. शेजारी तीन टोमॅटो आणि अर्धा कोबी, हे पहिल्या रांगेतले पाहुणे. फ्रीज म्हणाला, "हंऽऽ." आणि शेंग बोलायला लागली.

"एक लिंबू होतं. ते फ्रीजमध्ये अगदी मागे गेलं होतं. रोज कुणीतरी दार उघडायचं, दूध घ्यायचं, दार लावायचं. लिंबाला वाटायचं, आज आपला नंबर. पण पुढे मोठा कोबी होता."

आईने ओट्याची कड घट्ट धरली होती. माझा स्वतःचा दहावीचा तास बाजूच्या खोलीत चालू होता, तिथे मी पंखा लावून ठेवला होता. कॅमेऱ्यात पंखा दिसत होता आणि सरांनी त्याला एक प्रश्नही विचारला होता.

"मग एक दिवस," शेंग म्हणाली, "दार लागलं आणि दिवा गेला. लिंबू हळूच म्हणालं, कुणी आहे का?"

आणि फ्रीज बंद पडला.

तापला होता. खडखडला, थरथरला आणि गप्प. दिवा चालू, आवाज गेला. शेंग फ्रीजकडे बघत राहिली. तिचं तोंड उघडं होतं आणि मला माहीत होतं, आता ते मिटणार.

तेवढ्यात फ्रीजच्या मागून आवाज आला. "हंऽऽऽ."

बाबा होते. भिंत आणि फ्रीज यांच्यामधल्या, झुरळंही मावत नाहीत अशा जागेत आडवे घुसले होते आणि घुमत होते. आयुष्यभर कंप्रेसर ऐकलेला माणूस, पण घाईत त्यांनी दुसऱ्याच कंपनीचा आवाज काढला.

शेंगने वाकून बघितलं. "बाबा, ते तुम्ही आहात."

"हंऽऽ," फ्रीजमागून उत्तर आलं.

"कंबर धरेल तुमची. या बाहेर."

आणि मग मोज्यातून एक बारीक आवाज आला. कुणीतरी म्यूट काढलं होतं. "मी आहे, लिंबू."

दुसरा म्हणाला, "मी पण आहे." मग जादूवाला, ज्याची रेंज परत आली होती. "मी पण. पुढे काय झालं?" मग इतके जण एकदम बोलले, की मोजा हलल्यासारखा वाटला. सगळ्यात शेवटी बाई, सर्दी झाल्यासारख्या आवाजात. "मी पण आहे गं. सांग पुढे."

शेंगने टोमॅटो बाजूला केले, फोनच्या अगदी जवळ सरकली आणि पुढे सांगितलं. लिंबू सापडलं. कोबीला थोडीशी बोलणी बसली. फ्रीज शेवटपर्यंत गप्पच होता, आणि ते शेंगच्या लक्षातही आलं नाही. आईच्या आलं. तिने पदराने नाही, त्या मोज्याच्या कापलेल्या तुकड्याने डोळे पुसले. तो लहान पडला.

प्रमाणपत्र फोनवर आलं. त्यावर नाव होतं: "कु. फ्रीज रिपेअर, इयत्ता तिसरी, प्रथम क्रमांक." बाबांनी ते छापून आणून फ्रीजच्या दारावर लावलं आणि त्याला चालू केलं. म्हातारा उठला आणि काही घडलंच नाही अशा थाटात घुमायला लागला.

काल सूचना आलीय, सोमवारपासून खरी शाळा. शेंगने जेवताना विचारलं, "तिथे सगळे बोलतात ना? पण मी बोलत असताना हं कोण म्हणणार?" फ्रीज म्हणाला, "हंऽऽ."

म्हणून रीतसर अर्ज करत आहे.

मा. मुख्याध्यापिका यांस,

विषय: फ्रीजला वर्गात उभे राहण्याची परवानगी मिळणेबाबत.

कु. फ्रीज रिपेअर हे आपल्या शाळेचे बक्षीसपात्र विद्यार्थी असून प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. तरी त्यांना पहिल्या आठवड्यापुरते तिसरीच्या वर्गात, शेवटच्या बाकामागे, प्लगजवळ उभे राहू द्यावे. उंचीमुळे पुढे उभे करू नये. गणवेशातून सूट मिळावी. ते शक्य नसल्यास, खाली सही करणाऱ्यास दहावीतून काढून पुन्हा तिसरीत, बहिणीच्या मागच्या बाकावर बसवण्यात यावे. अर्जदार अभ्यासाला अडथळा आणणार नाही. ती बोलत असताना अधूनमधून फक्त "हं" म्हणेल.