उर्स्याचा तांब्या

बजरंग पुण्याहून आल्यापासून पाणी मागत होता, उठून घेत नव्हता. ओट्यावर उशीला टेकायचं, पुस्तक छातीवर पालथं घालायचं आणि आत बघून नुसतं म्हणायचं, "पाणी." ना आईला हाक, ना कुणाचं नाव. त्याची आई, माझी सून सरू, परातीतलं पीठ तसंच सोडून हात झटकत धावायची. माझा नातू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आला होता, मामलेदार होऊन आला नव्हता. पण मी सोडून घरात सगळ्यांना तो मामलेदारच वाटायचा.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. बेडश्यातून पुण्याच्या बोर्डिंगात राहायला गेलेला हा पहिलाच. पहिल्या वर्षी त्याला कामशेतला गाडीत बसवला, तेव्हा वळकटी, पत्र्याची पेटी आणि त्याच्या आजोबांचा पितळी तांब्या मी माझ्या हाताने बांधून दिला. दिवाळीला पोर आलं ते खाली मान घालून. गालफडं बसलेली. ताटावर बसलं की डावा हात ताटाभोवती धरून जेवायचं, कुणी हिसकून नेईल तसं. आणि तांब्या नव्हता. "गाडीत राहिला," म्हणाला. मी त्याला चार माणसांत सोलून काढला. तांब्याच्या बदली तांब्या आणशील तर खरा, म्हणाले.

यंदा त्याने आणला. काठ तांबटाने डाग देऊन सांधलेला, जुनाच. "जुन्या बाजारात घेतला," म्हणाला. मी तो चिंचेने घासला आणि पाण्याच्या हंड्यावर ठेवला. विषय संपला, असं मला वाटलं.

त्या दिवशी दुपारी उर्से गावची नंदाबाई आली. नवरा कोंडाजी वारल्यापासून एकटीने शेत करणारी बाई. उन्हातून चालत आलेली, पाय धुळीने पांढरे. तिचा सोपान त्याच बोर्डिंगात होता, बजरंगच्या मागे एक वर्ष. ओट्याच्या कडेला टेकली आणि दम न खाताच बोलायला लागली.

"मावशी, तुमच्या बजरंगाशी बोलायचं व्हतं. सोपान म्हनतो, आता म्होरं शिकायला जात न्हाई. लोणावळ्याला रेल्वेत खडी टाकीन, पर तितं जानार न्हाई. काय झालं इचारलं तर भितीकडं त्वांड करतो. ह्ये लेकरू त्याच्यासंगं व्हतं. ह्यानं समजावलं तर आयकंल."

बजरंग हसला. "काकू, पहिल्या वर्षाला सगळ्यांचंच असं होतं. बोर्डिंगात नव्या पोराची खाट दाराजवळ. रात्री दार वाजलं तर त्यानंच उठायचं. वरच्या पोरांच्या आंघोळीचं पाणी नव्यांनी भरायचं. पंगतीत वाढप आमच्याकडून सुरू होतं, त्यांच्यापर्यंत आमटी पोचते तेव्हा तिच्यात डाळ शोधावी लागते. नाव विचारलं तर गावाचं नाव सांगायचं. मला 'ए बेडसे' म्हणायचे. रेक्टर हजेरी घेऊन गेले की मग थोडी गंमत."

"कसली गंमत?" मी विचारलं.

"गंमत म्हणजे गंमत, आजी. मनावर घ्यायची नसते. माझीही केली. मेलो का मी?"

"न्हाई मेलास. ताटाला मिठी मारून जेवत व्हतास नुसता."

त्याने पान उलटलं. वाचत काही नव्हता.

एवढ्यात सरू गूळ आणि त्याच तांब्यात पाणी घेऊन आली. नंदाबाईने खडा तोंडात टाकला, तांब्या उचलला आणि तिचा अंगठा काठावरच्या डागावर थांबला. तिने तांब्या फिरवला. परत फिरवला. मग बुडाला हात लावून पाहिला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. बजरंगचं पुस्तक हळूहळू तोंडासमोर चढलं.

दिलेलं पाणी ती सगळं प्याली. तांब्या खाली ठेवला तो आवाज न करता.

"कुटला वो, मावशी?"

"पुण्याचा. जुन्या बाजारातला म्हनं."

"व्हय का." तिने पदराने तोंड पुसलं. "आमचाबी आसाच व्हता. ह्यांच्या हातनं आडात पडलता, काठ चेपून चिरला. तळेगावच्या तांबटाकडनं डाग दिऊन आनला. सोपानला दिलता संगं. हरावला म्हनला. लय मारला म्या त्याला. बाप गेल्यापास्नं कदी हात लावला नव्हता." बजरंगकडे तिने पाहिलं नाही. उठली. "येते. दिवस हाय तवर पोचाया हवं."

"बस, नंदाबाई," मी म्हणाले. "बजरंग, पुस्तक ठेव. तांब्या नव्हता तर सोपान पानी कशानं पीत व्हता?"

"बोर्डिंगात नळ आहे."

"नळ हाय ते कळलं. कशानं पीत व्हता?"

"ओंजळीनं." मग एकदम भरभर बोलला, "रीत आहे ती. नव्यानं तांब्या वरच्याला द्यायचा आणि ओंजळीनं प्यायचं. माझाही घेतला होता. आजोबांचा. तो पोरगा पास होऊन गेला, तांब्या घेऊन गेला. मग म्या काय करायचं व्हतं? तूच म्हनलीस ना, तांब्याच्या बदली तांब्या आन."

दोन वर्षांत पहिल्यांदा पोर घरच्या बोलीत बोललं. आणि ते बरोबर जागी लागलं. पण लागलं हे दाखवायची माझी सवय नाही.

सरू दारात उभी होती, कोपरापर्यंत पीठ. नंदाबाई जमिनीकडे बघत होती. तिचा एक हात अजून तांब्याच्या दिशेने अर्धा पुढे होता, पण दुसऱ्याच्या घरातली वस्तू मागून घ्यायची कशी, म्हणून तसाच राहिलेला. मी तांब्या उचलला. उरलेलं थेंबभर पाणी अंगणात टाकलं, पदराने पुसला आणि बजरंगच्या मांडीवर ठेवला.

"ऊठ," मी म्हणाले. "नंदाबाईच्या मागनं उर्स्याला चालत जा. मागनं, म्होरनं न्हाई. तांब्या सोपानच्या हातात दे, आन कुनी घेतला व्हता ते तुज्या तोंडानं सांग. कॉलेज उगडंल तवा त्यो गाडीत बसला, तर तूबी त्याच्याशेजारी बसशील. त्यो खडी टाकाया गेला, तर तूबी त्याच्याशेजारी खडी टाकशील. तुज्या बापाला मी सांगते, त्याची काळजी नगं. आन लांबचं ऊन हाय, जायाच्या आदी पानी पिऊन घे. मागू नगंस. आत जा, आई हंड्यातनं वगराळ्यानं वतंल. ओंजळीनं पी."