आमची हरकत

"त्यो फोटो माजाच हाय का गो?" सासूबाईंनी विचारलं.

फोटो त्यांचाच होता. चारकोपच्या आमच्या मासळी बाजाराच्या फाटकावर भलामोठा फ्लेक्स लागला होता आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात आमच्या सरूबाई हात जोडून हसत होत्या. नाकात नथ, केसांत अबोलीचा वळेसर. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीतला फोटो होता तो. कुणी दिला आणि कुणी छापला, देव जाणे. शेजारी लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'नव्या बाजाराला आमची हरकत नाही!' आणि खाली, मासळी विक्रेत्या भगिनींचे जाहीर आभार. आपले नम्र, बाजार सुधार प्राधिकरण.

"वाचून दाव," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. सासूबाईंना अक्षरं येत नाहीत. आकडे येतात, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा तर माझ्यासारख्या बारावी पास बाईपेक्षा बराच चांगला वाचता येतो. पण अक्षरांसाठी त्यांना मी लागते.

"मी असा कदी बोलली?"

"बोललीस ना," मागून धुरपदामावशी म्हणाली. "सगल्यांसमोर बोललीस. पयल्या रांगेत खुर्चीवर बसून बोललीस. आता फोटो आयला, नथ दिसली. झकास झाला."

सासूबाईंच्या डोक्यावर पाटी तशीच होती. आमच्या बाजारात एक रीत आहे. कुणीही डोक्यावर पाटी घेऊन आली की जवळची बाई हातातलं काम टाकून उठते आणि पाटी खाली उतरवायला हात देते. भांडण असलं तरी देते. धुरपदामावशी आणि सासूबाईंचा ओटा शेजारी शेजारी, दोघींची लग्नं झाल्यापासून. त्या सकाळी मावशी सुरमईचे तुकडे करत राहिली. दुसरं कुणीही उठलं नाही. शेवटी मीच हात दिला आणि तोही नीट जमला नाही, बर्फाचं पाणी दोघींच्या अंगावर सांडलं.

सासूबाई ओट्यावर बसल्या, पण त्या दिवशी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला हाक मारली नाही. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, कारण त्या नेमकं काय बोलल्या होत्या ते मी ऐकलं होतं.

प्रकार असा. जुना बाजार पाडून तिथे मोठी इमारत उठणार. तळमजल्यावर दुकानं, पहिल्यावर ऑफिसं आणि मासळीवाल्या दुसऱ्या मजल्यावर. ज्याने हा नकाशा काढला त्याच्या घरी मासे येत असतील तर ते डब्यातून येत असणार. संध्याकाळी कामावरून सुटलेली बाई पिशवी घेऊन दोन जिने चढून बोंबील घ्यायला जाईल, हे ज्याला खरं वाटतं त्याच्याशी काय बोलायचं? लिफ्ट आहे म्हणे. मासळीची पाटी घेऊन लिफ्टमध्ये शिरलेल्या कोळणीला आतली माणसं काय म्हणतात, ते त्यांनी कधी ऐकलेलं नसावं.

यावर सुनावणी ठेवली होती, शाळेच्या सभागृहात. मी अंधेरीला दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. अर्धी रजा टाकून गेले. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. वयाने मोठ्या म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. प्राधिकरणाचे नंदकुमार साहेब माईकवर होते. ते म्हणाले, "आधी दुकानदारांचं ऐकून घेऊ, मग भगिनींचं. सरूबाई, तुमची काही हरकत नाही ना?"

"नाय, काय हरकत नाय," सासूबाई म्हणाल्या.

हे शब्द त्यांच्या तोंडात बसलेले आहेत. गिऱ्हाईक म्हणालं, पापलेट जरा उलटून दाखवा, तर काय हरकत नाय. शेजारीण म्हणाली, तुमचं पाणी जरा घेऊ का, तर काय हरकत नाय. माझं लग्न ठरताना माझे बाबा म्हणाले होते, आम्ही मालवणकडचे, गिरणीत खपलेले, तुम्ही कोळी, आणि मुलगी नोकरी सोडणार नाही. माझा होणारा नवरा निमेश घाबरून आईकडे बघायला लागला. या म्हणाल्या, काय हरकत नाय. माझा अख्खा संसार त्या दोन-तीन शब्दांवर उभा आहे.

त्या दिवशी दुकानदार बोलले, मग त्यांचा वकील बोलला, मग पडद्यावर इमारतीचं रंगीत चित्र दाखवलं. चहा आला. मग कराटेच्या वर्गाची मुलं दारात येऊन उभी राहिली, कारण संध्याकाळी सभागृह त्यांना दिलेलं होतं. नंदकुमार साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले. आमच्या बायका माईकची वाट बघत बसल्या होत्या, त्या तशाच उठल्या, सासूबाईंच्या 'हरकत नाय'मुळेच आपली पाळी गेली असं पुटपुटत. आणि आता हा फ्लेक्स.

"साहेबाचं ऑफिस कुठं हाय?" दुपारी पाटी रिकामी करून सासूबाईंनी विचारलं.

"अंधेरीला."

"चल."

मेट्रोत त्यांना लोकांनी जागा दिली. वास येतो म्हणून दिली की वय बघून दिली, मी विचार केला नाही. ऑफिसात नंदकुमार साहेब चांगले वागले, हे सांगायला हवं. उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"सरूबाई, फ्लेक्स बघितला ना? किती छान आलाय फोटो!"

"साहेब, त्यो काढा. मी तसा बोलली नाय."

"अहो, शब्दन् शब्द तुमचा आहे. 'हरकत नाही.' नोंद आहे आमच्याकडे."

"मी म्हनली, दुकानवाल्यांना पयला बोलू द्या. मानूस म्हनून बोलली. बाजार पाडा असा कुठं बोलली?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, सगळं लोकशाही पद्धतीने झालंय. सगळ्यांना बोलावलं होतं. खुर्च्या होत्या, माईक होता, चहा होता."

"च्या चांगला व्हता. माईक आमच्यापरत आयला नाय."

"वेळ संपली ना, बाई."

"वेल तुमची संपली. आमी तर बसलेलो."

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही. "आता सुनावणी परत होत नसते. तक्रार असेल तर तुमच्या निवडून दिलेल्या माणसाला सांगा. मत कशासाठी देता मग?"

मतदानाला सासूबाई कधी चुकल्या नाहीत. रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असतात, आणि बोटाची शाई जाईपर्यंत ते बोट मासे कापताना जपतात.

"मत दिला," त्या म्हणाल्या. "मत दिला म्हनजे तोंड पन देऊन टाकला काय?"

घड्याळ बघत साहेब म्हणाले, "शुक्रवारी भूमिपूजन आहे. तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ. अध्यक्ष साहेब स्वतः देणार. याल ना?"

"येईन," सासूबाई म्हणाल्या. "काय हरकत नाय."

मी कपाळावर हात मारला. परतताना संपूर्ण प्रवासात मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनाही त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही, खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

शुक्रवारी मंडप पडला. आमच्या बायका फाटकाबाहेर गप्प उभ्या होत्या. सासूबाई त्यांच्यासमोरून स्टेजवर गेल्या तेव्हा धुरपदामावशीने तोंड फिरवलं. अध्यक्षांनी शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो निघाले. निवेदन करणारी मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सरूबाईंना विनंती करते, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

सासूबाईंनी माईक हातात घेतला. सुनावणीत जो त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता तोच असावा.

"दोनच बोलतंय," त्या म्हणाल्या. "हरकत हाय."

मंडपात कुणाला काही कळेना. नंदकुमार साहेब हसत पुढे झाले. "त्यांना म्हणायचंय की..."

"मना काय म्हनाचा ता मना ठावं हाय. तुमी बसा."

तेवढ्यात माईक बंद झाला. मासळीवालीचा माईक बंद केला की ती गप्प बसते, असं ज्याला वाटलं तो कधी बाजारात फिरकलेला नसणार. रस्त्याच्या पलीकडल्या गिऱ्हाइकाला हाक मारून वळवायची सवय असलेला तो आवाज. तो मंडपभर घुमला. "दुसऱ्या माल्यावर आमची मासली कोन घेल? आमाला कोनी इचारला नाय! माजा शब्द उचलला आनि भलतीकडं चिकटवला! माजी हरकत हाय! नव्या बाजाराला माजी हरकत हाय!"

मग फाटकाकडून आवाज आला, "माजी पन हरकत हाय!" धुरपदामावशी होती. तिच्यामागून सगळ्याजणी ओरडायला लागल्या. मीही ओरडले. दवाखान्यात दिवसभर हळू आवाजात 'पुढचा पेशंट' म्हणणारी मी अशी ओरडू शकते हे मलाच नवीन होतं.

याने काही थांबलं, असं मी सांगणार नाही. आम्हाला पोलिसांनी बाजूला केलं, अध्यक्षांनी दुसरा नारळ फोडला, टाळ्या पडल्या. सासूबाईंनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. नारळ मात्र घरी आणला. म्हणाल्या, "ह्यो दर्याचा."

सोमवारी बाजाराला कुलूप होतं. आत आमचे ओटे दिसत होते, धुतलेले आणि कोरडे. इतक्या वर्षांत मी ते कोरडे कधी पाहिले नव्हते. सासूबाई डोक्यावर पाटी घेऊन फाटकाशी थांबल्या. मी पुढे व्हायच्या आधी फुटपाथवर बसलेली धुरपदामावशी उठली, कोयता बाजूला ठेवला आणि पाटीला हात दिला. दोघींनी ती रस्त्याच्या कडेला उतरवली. एकमेकींकडे बघितलंही नाही, पण मावशीने आपली पाटी सरकवून जागा केली.

ऊन चढायला लागलं. डोक्यावर छप्पर नाही आणि मासळी तर उन्हात टिकत नाही. सासूबाईंनी वर बघितलं. फ्लेक्स अजून फाटकावरच होता.

"त्यो उतरव," त्यांनी मला सांगितलं.

आम्ही तिघींनी दोऱ्या सोडल्या आणि फ्लेक्स जमिनीवर पसरला. सासूबाई आपल्याच फोटोशेजारी उकिडव्या बसल्या.

"ह्यात 'नाही' कंचा?"

मी बोट ठेवलं. त्यांनी कोयत्याचं टोक रोवलं आणि सुरमईचा तुकडा काढावा तसा तो शब्द चौकोनी कापून काढला. मग फ्लेक्स एका बाजूने फाटकाला आणि दुसऱ्या बाजूने दिव्याच्या खांबाला बांधला. सावली झाली. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून वाचायला लागले : 'नव्या बाजाराला आमची हरकत', मग भोक, मग उद्गारचिन्ह. एकीने हसत हसत मांदेली घेतली.

अकराच्या सुमाराला नंदकुमार साहेब आले, बरोबर दोन हवालदार. साहेबांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सरूबाई, हे काय केलंत? प्राधिकरणाची वस्तू आहे ती. काढा आधी."

"फोटो माजा," सासूबाई म्हणाल्या. "हरकत माजी. तुमचा व्हता तेवडा कापून ठेवलाय." त्यांनी पाटीखालून तो चौकोनी तुकडा काढला, पदराने त्याच्यावरचे खवले पुसले आणि साहेबांच्या पुढे धरला. "ह्यो घ्या. तुमचा 'नाही'."

साहेबांचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. एक हवालदार दुसरीकडे बघायला लागला. फुटपाथवरची एकही बाई हलली नाही.

कापलेल्या जागेतून ऊन सरळ पाटीत पडत होतं. सासूबाईंनी तो तुकडा साहेबांच्या हातात ठेवला आणि ऊन पडत होतं तिथल्या पापलेटांवर बर्फ सरकवला.