दाराबाहेरचं संशोधन

प्रियदर्शनी चीनहून अमरावतीला आली, की जेवताना बाबांचा, जानरावांचा, प्रश्न ठरलेला.

"या खेपेले कितीक देवाच्या पाया पडली?"

ती भाकरी मोडत विषय बदलायची. फुजियान प्रांतातल्या एका खेड्यात ताओ पंथाचे पुरोहित ग्रामदेवतेचा मोठा विधी करतात, त्याच्या अभ्यासात तिची अर्धी उमर गेली. बाबा मात्र विहारात सांगत, पोरगी तिकडे बौद्ध धम्म शिकते. छप्पन्न साली देव सोडलेल्या घरची पोर देवांच्याच मागे फिरते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? वरूडला संत्र्यांचा धंदा करणाऱ्या काकांना, शालिकरामांना, तर ती फक्त संत्री निवडायचं चिनी यंत्र अडलं की आठवे. अभ्यास वेगळा, भक्ती वेगळी, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

त्यात आता त्या खेड्यातल्या मुख्य पुरोहिताचा, लिनगुरुजींचा, निरोप आला होता. म्हातारे थकले होते, पुढचा विधी त्यांचा शेवटचा. विधीचा गाभा देवळाची दारं लावून आत चालतो आणि देवांपुढे उदबत्ती घेऊन वाकलेल्या शिष्यालाच आत सोडतात. बाकीचे परदेशी अभ्यासक खुशाल वाकले, आत गेले, नावारूपाला आले. तिचं पुस्तक त्या दारापाशीच अडलं. अकोल्याच्या कॉलेजानं तर, गाभाच पाहिला नाही म्हणून, मुलाखतीत वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

त्या दिवशी बाबांनी पुन्हा तेच विचारलं आणि तिचा पारा चढला.

"एकाच्याई नाही पडली, बाबा. वाकली असती तर आत घेतलं असतं. तुमच्या बावीस प्रतिज्ञा आठवल्या, अन् दरवेळी दाराबाहेर उभी राहिली. अकोल्याची नोकरी त्याच्यातच हुकली."

आईचा, इंदूबाईंचा, वाढता हात थांबला. आता तरी बाबा शाबासकी देतील, असं प्रियदर्शनीला वाटलं. जानराव उलट भडकले.

"बाहेर उभी राहिली? माह्या बापाले देवळाबाहेर उभं ठेवत, त्याचा इलाज नव्हता. तुले तर आत बोलावून राहिले, अन् तू आपल्या पायानं बाहेर?"

"मंग काय करू? वाकू?"

जानरावांनी ताट बाजूला सारलं.

"वाकू नोको," ते म्हणाले. "अन् बाहेरही राहू नोको."

ते कसं जमवायचं, हे नेहमीसारखं तिच्यावर सोडून ते हात धुवायला उठले.