टोळची गाडी विकायची ठरते तेव्हा

मित्रांनो, रस्ता जिथे संपतो तिथे माझं काम सुरू होतं. मी एक जुनी डर्ट बाईक आहे. माझा दिवा काजव्याएवढा, सीट अरुंद, टायर गुठळ्यागुठळ्यांचे आणि आवाज असा, की झोपलेलं कुत्रं उठून जागा बदलतं. गुळगुळीत गाड्या मला बघून नाक मुरडतात. मुरडू देत बापड्या. दगड, वाळू आणि चढ हेच माझं माहेर.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. सांगाड्याच्या नळ्या जोडताना उडालेल्या ठिणग्या आणि शेवटी टाकीवर चढलेला पिवळा रंग, बस्स. पुढचं मात्र लख्ख आठवतं. दुकानात एक मुलगी आली. दुकानदार रंगाचं कौतुक करत राहिला आणि ती खाली बसून माझी चेन बोटानं वर-खाली करून बघत राहिली. तेव्हाच मी ओळखलं, हिच्याशी आपलं जमणार.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. गुलाबी मेणात इवले दात बसवायचे, एकही वाकडा नको. हात थरथरला की सगळं मुसळ केरात. आठवडाभर ती असा श्वास धरून बसायची आणि सुटीच्या सकाळी टेकड्यांवर नेऊन मला सोडायची. उंचवटा दिसला की हिनं उडी घेतलीच म्हणून समजा. सोबतच्यांनी तिचं नाव ‘टोळ’ ठेवलं. शर्यतींत आमच्या नावानं टाळ्या पडल्या, तशा आम्ही ओढ्यात आपटलोही. प्रत्येक वेळी ती आधी मला उभी करायची आणि मग स्वतःचं कोपर बघायची.

एकदा माझ्या सीटचं कव्हर फाटलं. टोळ मला सोफे शिवणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेली.

“बसायला मऊ हवं की टिकायला घट्ट?” त्यानं विचारलं.

“मी हिच्यावर बसते कुठे? उभीच असते,” ती म्हणाली.

तो हसला. एका दुपारचं काम. त्या पठ्ठ्यानं आठवडा लावला. रोज ती ‘झालं का?’ विचारायला यायची आणि रोज थोडं बाकी असायचं. पुढे त्यांचं लग्न झालं आणि दुकानामागच्या खोलीत, सोफ्यांच्या उघड्या सांगाड्यांशेजारी, माझी राहायची सोय झाली.

मग थोरली झाली. तिच्या मागून धाकटा. घरात दूध, लंगोट, खोकला आणि हसू यांचा नुसता कल्ला. त्यात मी कोणाला आठवणार? टोळ मधूनच दारात यायची, “पुढच्या रविवारी नक्की हं,” असं म्हणायची, तोवर आतून कोणीतरी भोकाड पसरायचं. ते रविवार आलेच नाहीत. माझ्यावर एक जुना पडदा पडला. टाकीतलं पेट्रोल शिळं झालं, कार्बुरेटरमध्ये त्याचा चिकटा बसला आणि एका उंदरिणीनं माझ्या एअर फिल्टरच्या डब्यात सोफ्याचा कापूस नेऊन संसार थाटला. खरं सांगते, मी रागावले नव्हते. पण गाडी उभ्या उभ्या म्हातारी होते, हे फार थोड्यांना कळतं.

अखेर धाकटा चालायला लागला, तेव्हा कारागीर तिला म्हणाला, “आज मी दोघांना सांभाळतो. तू जा.”

टोळनं सकाळभर मला स्वच्छ केलं. उंदरिणीला पिल्लांसकट खोक्यात घालून अंगणात सोडलं. कितीतरी किका खाल्ल्यावर मी खोकले, आणि मग काय विचारता! आम्ही टेकडीवर निघालो. आमचा लाडका उंचवटा समोर आला. मी तयार होते. आणि अगदी कडेला आल्यावर टोळनं अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडली.

मी जागच्या जागी गुरगुरत थांबले. तिनं हेल्मेट काढलं आणि ती दगडावर बसून खालच्या घरांकडे बघत राहिली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, “गाडी विकूया.”

त्याच्या हातातली सुई थांबली. “पडलीस का?”

“नाही. उडी घेताना माझ्या डोक्यात काय आलं माहितीये? धाकट्याचं औषध जेवणाआधी की नंतर. अर्ध्या मनानं ही चालवली तर ही माणसाला घेऊन पडेल.”

“मग थोडे दिवस थांब. पोरं मोठी होतील. ठेवू की आपण, जागेला काय तोटा आहे?”

“तिचा गंज होईल.”

“होऊ दे!” तो एकदम म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, “अगं, ही विकली तर लोक म्हणतील, मुलं झाली आणि यानं हिला गाडी विकायला लावली.”

“लोकांचं सोड.”

“लोकांचं सोडलं. पण मग मीच म्हणेन ना.”

टोळ त्याच्याजवळ जाऊन बसली. “मी पुन्हा चालवेन. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी. तेव्हा दुसरी घेऊ. पण मला तिची आठवण राहावी म्हणून तिनं इथं कुजत राहायचं, हे बरं नाही.”

पडद्याआड माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. विकणार! कोणाला?

पहिला आला तो एक हॉटेलवाला. बोलायला गोड. त्यानं माझं इंजिन सुरू करायलाही सांगितलं नाही; टेप काढून मला आडवंउभं मोजलं.

“भिंतीवर टांगायची आहे,” तो म्हणाला. “खाली दिवे सोडू. लोक फोटो काढतील. वजन कमी करायला आतलं सगळं काढून टाकू.”

कारागिराला ते पटत होतं. “बघ, तुला वाटेल तेव्हा जाऊन बघता येईल.”

“जिवंत गाडीची आतडी काढून खुंटीला लावायची?” टोळ म्हणाली. “नको. चहा घेऊन जा तुम्ही.”

दुसरी आली ती एक पशुवैद्य. बुटकी, पिकल्या केसांची, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली बाई. वरच्या कुरणांत तिची जीप पोचत नव्हती आणि पायी जाईपर्यंत जनावराचा जीव जायचा. तिनं माझ्या चाकाला हिसका दिला आणि इंजिनला कान लावला.

“पडलीये का कधी?”

“गाडी की मी?” टोळनं विचारलं.

“दोघींचं सांगा.”

“दोघीही. पुष्कळदा.”

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. “मग ठीक. न पडलेल्यांचा मला भरवसा नाही.”

टोळनं मला त्यांच्या हवाली केलं. जाताना तिनं माझ्या टाकीवर हात ठेवला. तो मुळीच थरथरत नव्हता. डोळे भरले होते ते कारागिराचे. थोरली त्याला म्हणाली, “बाबा, रडू नका, गाडीला नोकरी लागलीये.”

मित्रांनो, पोरगी लाख बोलली! मागे औषधांची पेटी बांधून मी आता वाटेल तिथे चढते. उड्या मारत नाही; पेटीतल्या बाटल्या फुटतील. परवा एका गाईच्या पोटात वासरू आडवं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंत हात घालून ते सरळ केलं. ओलं वासरू धडपडत उभं राहिलं, तेव्हा गोठ्याबाहेर माझं इंजिन अजून गरम होतं. शर्यतीतल्या टाळ्यांनी असं वाटलं नव्हतं कधी.

म्हणून सांगते, वस्तूवर माया असेल तर तिला तेलपाणी करा, तिच्याकडून काम घ्या. आणि तुमच्या हातून ते होईनासं झालं, तर ती धडधाकट आहे तोवर कोणाच्या तरी कामाला लागू द्या. पडद्याखाली जपलेलं काही जपलेलं नसतं.

थांबा. फोन वाजला. वरच्या कुरणातून आहे, शेळी अडली आहे म्हणतात. बाई बूट घालताहेत. मला निघायला हवं.