सुभेदारांची पंचवीस पिल्लं

बाळंतपण आणि पिल्लं एकाच सकाळी दारात आली, यात खरं म्हणजे कुणाचाच दोष नव्हता. सुभेदारांच्या लेकीचं, शिवांजलीचं, दुसरं बाळंतपण सांगलीला, सासरीच करायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी तिच्या पोटात दुखायला लागलं. आणि बचत गटातून मागवलेली पिल्लं घेऊन येणारा टेम्पो, जो एरवी आज म्हणता परवा उगवतो, तो नेमका त्याच दिवशी वेळेवर आला.

सांगलीला निघालेल्या बनुबाईच्या एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात एका दिवसाची पंचवीस पिल्लं, आणि त्यांचा गलका असा की शेजारच्या गल्लीत ऐकू जावा.

"आवं, तुमास्नी जमंल न्हवं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

नाथाजी सुभेदार अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून रिटायर झालेला माणूस. त्यांना हा प्रश्न चांगलाच झोंबला. "आगं, एकशेवीस जवान सांभाळलेत मी. ही कोंबडीची पोरं म्हंजी काय चीज हाय?"

"जवान आयांनी वाढवूनच धाडलेलं असत्यात तुमच्याकडं," बनुबाई म्हणाली आणि खोका त्यांच्या हातात दिला.

सुभेदारांनी खाकरून घेतलं. बनुबाईनं भराभर सांगितलं. थंडीचे दिवस, अंगणातलं खुराडं अजून अर्धवट, तेव्हा पिल्लं घरातच ठेवायची. वर बल्ब सतत पेटता पाहिजे. खाली भाताचं तूस कोरडं पाहिजे. आज गुळाचं पाणी, उद्यापासून साधं, पण कोमट. मांजराला आत घ्यायचं नाही. मग रिक्षात बसता बसता ती थांबली. "लय वर्सांनी सोताची म्हणून कायतरी हौस केलीया मी. मला पंचवीसच्या पंचवीस दाखवायची."

हे मात्र सुभेदारांच्या काळजात जाऊन बसलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. या बाईनं कधी साडी मागितली नव्हती, कधी कुठं फिरायला न्या म्हणाली नव्हती. मागितल्या त्या कोंबड्या, त्याही गटाच्या मीटिंगमध्ये स्वतः हात वर करून. एक जरी पिल्लू कमी झालं, तर तिच्यापुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

झालं! सुभेदारांनी हॉलचा ताबा घेतला. सोफा भिंतीला लावला, टीपॉय बाहेर काढलं, पुठ्ठ्याचं गोल कुंपण केलं, तूस पसरलं, वर शंभराचा बल्ब टांगला. मेडलांच्या शोकेससमोर पंचवीस पिवळे गोळे चिवचिवाट करायला लागले. भिंतीवर वेळापत्रक चिकटलं: सहाला हजेरी, सव्वासहाला खाद्य, सातला साफसफाई. शिट्टीसुद्धा बाहेर निघाली.

शिट्टी वाजवली की पिल्लांनी रांगेत यावं, अशी त्यांची अपेक्षा नसावी, पण मनात कुठंतरी आशा होती. शिट्टी वाजली तशी पिल्लं चारी दिशांना पळाली आणि दोन पाण्याच्या ताटलीत पडली. हजेरी घ्यावी तर पहिल्यांदा तेवीस भरली, दुसऱ्यांदा सत्तावीस. सुभेदार घामाघूम झाले.

"आवं सुभेदार," खिडकीतून शेजारची बाळाबाई म्हणाली. सत्तरीची बाई, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. "पळत्या जिवाला काय मोजताय? एकेक उचला नि दुसऱ्या खोक्यात टाका. खोका भरला की झालं."

आख्खी कंपनी मोजलेल्या माणसानं तो सल्ला मुकाट्यानं ऐकला. पंचवीस भरली. संध्याकाळी सातला त्यांनी सांगलीला फोन लावला. "पंचवीस. समदी ठणठणीत." तिकडून बातमी आली, नात झाली. मग रोज सातला फोन ठरूनच गेला. तिकडून नातीचं वजन यायचं, इकडून पिल्लांचा आकडा जायचा.

चौथ्या दिवशी एक पिल्लू मागं मागं राहायला लागलं. सगळ्यात बारकं. उचलून पाहिलं तर त्याच्या बुडाला घाण चिकटून वाळली होती आणि बिचाऱ्याची वाटच बंद झाली होती. बाळाबाई म्हणाली, कोमट पाण्यानं भिजवा, कापसानं अलगद पुसा, ओढू नका. सुभेदार मांडी घालून बसले, चष्मा चढवला, आणि जीभ दातांत धरून कामाला लागले. नेमका त्याच वेळी तात्याबा दारात आला. हा त्यांचा फौजेतला जुना सोबती, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायला आला होता. सोबत शाळेचे दोन गुरुजी.

"नाथाजी, गड्या," तात्याबा उंबऱ्यातच थबकला, "ह्ये काय करतूयास?"

"दिसत न्हाई व्हय? धुतूय," सुभेदार मान वर न करता म्हणाले. "दार लावा आधी. वारं लागतंय त्याला."

पाहुण्यांनी दार लावलं आणि पिल्लू पुसून होईपर्यंत तिघंही सावधान उभे राहिले. बारकं मोकळं झालं. सुभेदारांना असा आनंद झाला की शाळेचं आमंत्रण त्यांनी न ऐकताच स्वीकारलं. तेव्हापासून बारकं त्यांच्या स्वेटरच्या खिशात राहायला लागलं. सुभेदार चहा पिताना ते खिशातून डोकं काढून बशीकडं बघायचं, आणि सुभेदार त्याला "काय रं?" म्हणायचे. नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवणं शिस्तीत बसत नव्हतं, असं त्यांनीच बाळाबाईला सांगितलं होतं.

पण तात्याबा गप्प बसणारा गडी नव्हता. दोन दिवसांत गावात झालं, सुभेदार पिल्लांचं बूड धुतात. मग काय विचारता! जो तो बघायला. पोरं आली, गटातल्या बायका आल्या, पोस्टमन तर पत्र नसताना आला. "काय गोंडस हायती!" "कशी टवटवीत हायती!" सुभेदार छाती फुगवून प्रत्येकाला वेळापत्रक दाखवत होते.

आठव्या दिवशी लाइनचं काम निघालं आणि सकाळीच वीज गेली. सुभेदार डगमगले नाहीत. शिवांजलीच्या पहिल्या बाळंतपणातली शेगडी माळ्यावरून काढली, कोळसे पेटवले आणि हॉलमध्ये ठेवली. गार वारं येऊ नये म्हणून खिडक्या, दारं, फटी सगळं बंद केलं. उंबऱ्याखाली गोणपाटसुद्धा कोंबलं. बंदोबस्त असा चोख की वारं सोडा, मुंगी आत येणार नाही.

दुपारपर्यंत पिल्लं मलूल झाली. माना टाकायला लागली. चोची उघड्या. सुभेदारांचंही डोकं जड झालं होतं, पण ते त्यांना काळजीनं वाटलं. त्यांनी खिडकी किलकिली करून बाळाबाईला हाक मारली.

"दुसरं काय असणार?" ती म्हणाली. "अख्ख्या गावानं येऊन बघितलं. दिष्ट लागली."

"असलं काय नसतंय बाळाबाई," सुभेदार ठासून म्हणाले. "आमी फौजेतली मानसं." आणि खिडकी लावून घेतली.

पाच मिनिटं ते हात मागं बांधून हॉलभर फिरले. मग हळूच स्वयंपाकघरात गेले. मीठ घेतलं, मोहरी घेतली, सुक्या लाल मिरच्या घेतल्या. पाच घ्याव्यात की सात हे आठवेना, म्हणून अकरा घेतल्या. कुणी बघत नाही याची खात्री करून त्यांनी पिल्लांवरून सात वेळा ओवाळलं. आल्यागेल्याची, तात्याबाची, दोन्ही गुरुजींची असं नावानिशी म्हटलं. आणि मूठ शेगडीत टाकली.

आता दृष्ट काढणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, मिरच्यांचा ठसका उठला नाही तर दृष्ट जबर होती, आणि ठसका उठला तर काही नव्हतं. इथं ठसका असा उठला की तीन घरं पलीकडं कुत्रं शिंकलं! बंद खोलीत, अकरा मिरच्या! सुभेदारांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. म्हणजे दृष्ट नव्हतीच, एवढं कळेपर्यंत पिल्लांची घरघर सुरू झाली होती.

"बाहेर! सगळी बाहेर!" सुभेदार ओरडले आणि खोकत, रडत, चाचपडत एकेक पिल्लू परातीत टाकायला लागले. उंबऱ्याखालचं गोणपाट निघेना. लाथ घातली, दार उघडलं, आणि परात घेऊन ते अंगणात उन्हात येऊन बसले. बाळाबाई पदरानं वारा घालत धावत आली.

मोकळी हवा लागली तशी पिल्लं हळूहळू माना उचलायला लागली. एक उठलं, दुसरं उठलं, मग सगळी चिवचिवायला लागली. "आवं, ती कोळशाच्या धुरानं गुदमरली व्हती," बाळाबाई म्हणाली. "मला काय ठावं तुमी फटीबी बुजवल्या म्हणून!"

सुभेदारांनी एकेक उचलून मोजलं. चोवीस. मग त्यांचा हात खिशाकडं गेला. बारकं खिशातच होतं. गरम होतं अजून, पण "काय रं?" म्हटल्यावर डोकं वर काढलं नाही.

त्यांनी त्याला परसात शेवग्याखाली पुरलं. सुभेदार बराच वेळ तिथं उभे राहिले आणि मिरच्यांमुळं डोळ्यांतून पाणी येतंय असं स्वतःलाच सांगत राहिले.

सातला फोन वाजला. "समदी हायती न्हवं?" बनुबाईनं विचारलं. मागं बाळ रडत होतं.

"पंचवीस," सुभेदार म्हणाले. "समदी ठणठणीत."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोटा रिपोर्ट दिला नव्हता. त्या दिवशी दिला, आणि नंतर रोज सातला देत राहिले. जेवण गोड लागेना.

मग त्यांना फौजेतली एक गोष्ट आठवली. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मोजा हरवलेला असला, तर शहाणा जवान कुठून तरी मोजा पैदा करतो. साहेब मोजे मोजतो, ओळखत नाही. बस्स! कोरेगावच्या आठवडी बाजारात पिवळं पिल्लू मिळालं नाही. मिळालं ते काळंभोर, उंच मानेचं, आणि या सगळ्यांपेक्षा निदान महिन्यानं मोठं. सुभेदारांनी तेच आणलं. हॉलमध्ये सोडल्याबरोबर त्यानं खाद्याच्या ताटलीत दोन पाय रोवले आणि बाकीच्यांना टोचून टोचून कोपऱ्यात बसवलं. आकडा मात्र बरोबर भरला.

एकविसाव्या दिवशी बनुबाई आली. हातपाय धुतले आणि थेट हॉलमध्ये. सुभेदार कुंपणापाशी ताठ उभे होते.

"एकूण पंचवीस," ते म्हणाले. "मोजून घे."

बनुबाईनं मोजलं नाही. नुसतं बघितलं. "ह्यो काळा कुठला?"

"त्यो... त्यो जरा लवकर वाढला."

"आनि पिवळ्याचा काळाबी झाला?"

आणि मग त्या कडक माणसाचा आवाजच फुटला. कोळसा, फटी, मिरच्या, खिसा, सगळं एका दमात बाहेर आलं. "लय बारकं व्हतं गं," ते म्हणाले. "माज्या खिशात व्हतं, तरी मला कळलं न्हाई. आनि तुला रोज खोटं सांगितलं. तिकडं बाळ-बाळंतीण सोडून तुला इकडची काळजी कशाला लावायची म्हणून."

बनुबाई हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. सोफ्याच्या कडेला टेकली.

"ऋषिराज दोन वर्साचा व्हता," ती म्हणाली. त्यांचा मुलगा, आता पुण्याला असतो, तो. "तुमी जम्मूला. पोराचा ताप डोक्यात गेला, आकडी आली, डोळं फिरवलं. रातीत उसाच्या ट्रॅक्टरवर बसून सातारला नेला मी. नऊ दिस दवाखान्यात व्हतो. धाव्या दिशी तुमाला पत्र लिवलं."

सुभेदारांना ते वर्ष आठवलं. पत्रंही आठवली. सगळी त्यांनी जपून ठेवली होती. ताप, आकडी, दवाखाना, असलं त्यांत कुठंच नव्हतं.

"काय लिवलं व्हतंस?"

"पोरगं गुटगुटीत हाय. इकडची काळजी करू नये."

ते पत्र सुभेदारांनी बराकीत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पेढेसुद्धा वाटले होते. ते बनुबाईच्या हातांकडं बघत राहिले.

"आनि अशी किती पत्रं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मोजली न्हाईत," बनुबाई म्हणाली.

कुंपणात गलका झाला. पाण्याची ताटली उलटली होती आणि तूस भिजत चाललं होतं. सवयीनं बनुबाई पदर खोचत उठायला लागली.

"तू बस," सुभेदार म्हणाले.

"आवं, वल्ल्यात थंडी बाधंल त्यास्नी..."

"ठावं हाय मला. बस म्हनलं न्हवं?"

ते गुडघे धरून खाली बसले आणि ओलं तूस ओंजळीनं उचलायला लागले. बनुबाई बसली.