मृत्युपत्राची दोन मोकळी भोकं

मित्रांनो, मी वयाने म्हातारा स्टेपलर असलो तरी माझा जबडा अजून शाबूत आहे, हे आधीच सांगून ठेवतो! आज मी इतका खूश आहे की माझी स्प्रिंग नुसती थुईथुई नाचते आहे. का, ते सांगतो. पण जरा सुरुवातीपासून ऐका.

एका कारखान्यात पोलादी पत्रा दाबून मला घडवलं. तिथून मी थेट वकीलबाईंच्या टेबलावर आलो. बाई लोकांची मृत्युपत्रं तयार करतात, म्हणजे आपल्या माघारी घरदार कोणाला द्यायचं ते माणूस लिहून ठेवतो ना, ते कागद. जाड कागदाची चळत पुढे आली की बाई कौतुकाने म्हणायच्या, "हा एकदा चावला की सोडत नाही." मग काय, माझी कॉलर ताठ! पुढे एक गुलाबी, नाजूक स्टेपलर आला आणि माझी रवानगी खणात झाली, वाळलेल्या पेनांच्या संगतीला. फार वाईट वाटलं हो. दिवसभर वरून त्याची टिकटिक ऐकायची आणि गप्प पडून राहायचं.

एके दिवशी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक काका मृत्युपत्र करायला आले. दुकान मुलाला आणि वरचं घर मुलीला, असं त्यांनी ठरवलं होतं. मुलगी त्यांच्याजवळच राहायची, त्यांचं सगळं तीच करायची. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून शेवटच्या पानावर पूर्ण सही आणि बाकीच्या पानांवर नुसती आद्याक्षरं झाली. साक्षीदारांनीही सह्या केल्या. पिन मारायला गेले तर गुलाबी राजे कागदातच अडकून बसले! बाईंनी खण उघडला, मला उचललं आणि मी एका दणक्यात सगळी पानं जोडून दिली. त्या दिवसापासून मी पुन्हा टेबलावर आहे.

काका गेले. काही दिवसांनी त्यांची मुलगी, म्हणजे ताई, आणि तिचा धाकटा भाऊ बाईंकडे आले. मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा दाखला घ्यायचा होता. बाईंनी मूळ कागद हातात घेतले मात्र, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझी पिन गायब! तिच्या जागेशेजारी दुसरीच कोणाची तरी बारीक पिन.

ताईने सांगितलं, की प्रत काढताना पानं नीट पसरत नव्हती, म्हणून झेरॉक्सवाल्याने पिन उपटली आणि नंतर आपल्या मशीनने दुसरी मारली. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण भावाच्या मनात पाल चुकचुकली. घर ज्या पानावर ताईच्या नावे होतं, त्यावर तर नुसती आद्याक्षरं होती. पान बदललं असेल तर? आपण कोर्टात हरकत घेणार, असं त्याने खालमानेने सांगितलं. हरकत म्हणजे वर्षानुवर्षं भांडण, आणि तोवर ताईच्या डोक्यावरचं छप्पर टांगणीला!

ताई रडली नाही, चिडलीही नाही. एवढंच म्हणाली, "ती प्रत मी तुझ्यासाठीच काढत होते रे."

भावाने मृत्युपत्र उचललं आणि खिडकीपाशी नेलं. बारीक पिनेशेजारी माझ्या पिनेची दोन मोकळी भोकं होती. पानं सरळ दाबून धरून त्याने ती उजेडासमोर नेली. बदललेलं एखादं पान मध्ये असतं, तर त्याला माझी भोकं नसती आणि उजेड तिथेच अडला असता.

उजेड आरपार आला! दोन्ही भोकांतून!

पुढची पानं, मागची पानं, भाऊ पुन्हा पुन्हा बघत राहिला. मग कागद टेबलावर ठेवून तो म्हणाला, "ताई, चुकलो मी. बाबांनी लिहिलं तसंच होऊ दे." ताईने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं. माझी काही हरकत नाही, असं भावाने तिथल्या तिथे लिहून सही केली. त्या कागदांना पिन कोणी मारली असेल? अहो, मीच! गुलाबी राजे बघत बसले.

तेव्हा मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. घरात कोणाचं मूळ मृत्युपत्र असेल तर त्याची पिन काढू नका. गंजली तरी असू द्या. प्रत वाकडी आली तरी काही बिघडत नाही. आणि आपल्याच माणसाचा संशय आला, तर कोर्टाची पायरी चढण्याआधी कागद एकदा उजेडात धरून बघा.