वाघावरचा वाटाड्या

नम-ओकच्या बापाला ज्यानं मारलं, त्याच्याच मयतापुढं आज बापानं कोरलेला वाटाड्या चालणार, असं गावच्या कमिटीनं ठरवलं होतं. खुनी कोण ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. लढाईत उत्तरेचं सैन्य गावात उतरलं त्या साली मा चांग-सिकनं तिच्या सुतार बापाच्या डोक्यात त्याचाच लाकूड तासायचा वाकस घातला, प्रेत नदीत लोटलं, आणि पुढं पस्तीस वर्षं गावचा मोठा माणूस म्हणून मिरवला. परवा तो अंथरुणात, पोराबाळांत, सुखानं मेला.

नम-ओक गावच्या अंत्यविधी संग्रहालयात झाडलोट करायची. मयताची रंगीत पालखी तिथंच असे, आणि तिच्या माथ्यावर वाघावर बसलेला वीतभर लाकडी वाटाड्या, मेलेल्याला पलीकडची वाट दाखवायला. शेजारी काचेत बापाचा तोच वाकस. दोन्हींखाली एकच पाटी : कारागीर अज्ञात. ती पाटी पुसताना रोज तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

सकाळी मा चांग-सिकचा थोरला, गी-ते, खांदेकरी घेऊन आला.

"बाई, पालखी काढा. कमिटीची चिठ्ठी आहे."

"पालखी ने. वाटाड्या मिळायचा नाही."

"अहो, बाबांचा जीव त्याच्यातच अडकला होता. शेवटपर्यंत विचारत होते, वाघावरचा पुढं असेल ना?"

"असेल कसा? नाही असणार."

गी-तेनं वाटाड्या उपटला. ती आडवी आली, तर त्यानं अशी थोबाडीत दिली की तिचा ओठ फाटला. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. वाटाड्या खाली पडला. त्यानं झिंज्या धरून तिला काचेवर आपटलं, काच फुटली, कपाळातून रक्ताची धार लागली.

"डोकं फिरलंय हिचं!" खांदेकरी ओरडले. मध्ये मात्र एकही मेला पडला नाही.

ती उठली तेव्हा तिच्या हातात वाकस होता. गी-ते मटकन खाली बसला. तो वाकस कोणाचा, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याचं डोकं फोडावं असं तिला अगदी मनापासून वाटलं, खोटं कशाला सांगा.

घाव बसले ते वाटाड्यावर. एक, दोन, तीन. वाघ उभा चिरला आणि स्वाराचं मुंडकं गडगडत गी-तेच्या पायाशी गेलं.

"आता वाट कोण दाखवणार त्यांना?" तो रडतच म्हणाला.

"दाखवणारा होता की. तुझ्या बापानंच मारला."

पालखी बोडकीच गेली.

नम-ओकनं आधी रक्त पुसलं नाही. गुडघ्यावर बसून तिनं एकेक ढलपी ओच्यात वेचली, मुंडकंही घेतलं. बापाचं प्रेत कधी सापडलंच नव्हतं. पस्तीस वर्षांनी पुरायला हातात काहीतरी आलं होतं.